वळणावरचा थांबो

वळणावर रुद्रेश उभा राहिला की त्याला हाक मारायची, हे वाड्यावर रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. डिचोलीच्या बाजारातून वर खाणीकडे जाणारा जुना रस्ता, आणि त्यावर घराच्या अलीकडे एक वळण. तिथे पोचला की हा पठ्ठ्या थांबायचा. एक पाय उचललेला, तोंड अर्धं उघडं, डोळे समोर. सोबतच्याने "रुद्रेश!" म्हटलं की पाय खाली टेकायचा आणि तुटलेलं वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. त्याला विचाराल तर तो कधी थांबलेलाच नव्हता.

शाळेत असताना एकदा तो एकटाच घरी येत होता, हातात कुल्फी. संध्याकाळी शेजारची यशोदामावशी गुरं घेऊन परतली तेव्हा तिला हा वळणावर दिसला. तिने हाक मारताच त्याने भोकाड पसरलं, कारण हातात नुसती काडी उरली होती आणि त्याच्या मते कुल्फी मावशीने खाल्ली होती. मधली दुपार कुठे गेली ते त्याने विचारलंसुद्धा नाही. हा किस्सा पुढे त्याच्या लग्नात नव्या नवरीलाही सांगून झाला आणि सगळे हसले. भीती वाटली की हसायचं, अशी त्या घराची रीतच होती. पणजीच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागे, वळण मात्र सुटलं नाही.

तसं थांबण्याचं त्या घराला नवल नव्हतं. वळणापासून हाकेच्या अंतरावर तळी आहे. तिच्या काठाला राखणदार, म्हणजे सीमेची राखण करणारा देव. मूर्ती नाही, तोंड नाही, नुसता काळा धोंडा. घरातलं कुणीही त्याच्यासमोरून गेलं की पापणी लवेपर्यंत थांबे, हाताला येईल त्या झाडाचं पान त्याच्यापुढे ठेवी, मनात कुणीतरी "जा" म्हणे आणि माणूस पुढे जाई. याला ते थांबो म्हणत. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. पाळायची गोष्ट एकच. थांब्यात असलेल्या माणसाला ओलांडून कुणी पुढे जायचं नाही, मागे उभं राहायचं.

रुद्रेशची बायको सुविधा पेडण्याची. शाळेत गणित शिकवणारी, सहजासहजी कशावर विश्वास न ठेवणारी. लग्नानंतर तिला राखणदाराच्या पायांवर घातलं आणि दुसऱ्याच दिवशी तळीजवळ तीही थांबली. तिला स्वतःचाच राग आला होता. आता तिला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसू लागलं होतं, आणि एकदा तळीवरून येऊन ती रुद्रेशला हळूच म्हणाली, "आत लाथा मारता मारता ता पण थांबता रे. माझ्याबरोबर. मगे परत सुरू." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रुद्रेशचा धंदाही थांबवण्याचाच. कॉम्प्युटरच्या गाभ्याला, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे प्रोग्रॅम चालतात, त्याला कर्नल म्हणतात. जगभरचे लोक त्यात बदल सुचवतात आणि काही जाणते लोक ते बदल वाचून खाली आपलं नाव लावतात. रुद्रेश त्या जाणत्यांपैकी एक. घराच्या सोप्यावर जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, टेबल टाकून तो दिवसभर वाचत बसे. वळण ओलांडून कुठे जायला नको, हा त्या नोकरीचा सगळ्यात मोठा फायदा.

त्याच्या वाट्याचा भाग असा: चालत्या प्रोग्रॅममध्ये ब्रेकपॉइंट घालायचा. म्हणजे प्रोग्रॅम न थांबवता त्याच्या वाटेवरची एक सूचना उचलायची आणि तिथे खूण ठेवायची. प्रोग्रॅम त्या जागी आला की अडकतो. कर्नल विचारतो, ही खूण कुणाची? ज्याची असेल तो आपलं काय ते बघून घेतो, उचललेली सूचना बाजूला पार पाडली जाते, आणि प्रोग्रॅमला सांगितलं जातं, जा. तो जातो. आपण थांबलो होतो हे त्याला कधी कळत नाही. रुद्रेश इतकी वर्षं हे वाचत होता आणि स्वतःच्या वळणाशी त्याने कधी ते जोडून पाहिलं नव्हतं. शिकलेल्या माणसाची नजर फार लांबवर पोचते, पायाशी मात्र पडत नाही.

त्या आठवड्यात एक नवा पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, आला होता. कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने खुणा काढण्याचं काम भराभर व्हावं म्हणून मधला एक अडसर काढून टाकला होता. वेग वाढला होता, सगळे वाहवा करत होते, आणि रुद्रेशने नाव लावलं की झालं. त्याने आधी आपल्या मशीनवर तो चालवून पाहिला. एक प्रोग्रॅम सारखा स्वतःच्या नकला काढतोय आणि त्याच वेळी त्यात खुणा घातल्या आणि काढल्या जाताहेत, असा डाव मांडला. मूळ प्रोग्रॅमला त्यांच्या भाषेत पालक म्हणतात आणि नकलेला पोर. हे शब्द काही रुद्रेशने ठेवलेले नाहीत.

सकाळभर काही झालं नाही. मग एक पोर मेलं. थोड्या वेळाने आणखी एक.

रुद्रेशने खोदून पाहिलं. खूण काढणारा आला तेव्हा नक्कल अर्धी झाली होती. त्याने पालकाच्या अंगावरची खूण काढली, यादीत होते त्या सगळ्यांच्या काढल्या, आणि आपलं नाव पुसून तो निघून गेला. पोर अजून यादीत आलंच नव्हतं. ते खूण अंगावर घेऊनच जन्मलं, चालू लागलं आणि त्या जागी येऊन अडकलं. कर्नलने विचारलं, ही खूण कुणाची? कुणाचीच नव्हती. मग "जा" म्हणायलाही कुणी नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी बाहेर अंगणात त्याचे आबा, म्हणजे वडील सगुण, खाणीच्या माणसाशी बोलत होते. राखणदाराचा मान त्यांच्या घराण्याचा, म्हणून गाऱ्हाणं घालायचं ते सगुणनेच. खाण पुष्कळ वर्षांनी परत सुरू व्हायची होती, ट्रकांसाठी तळीकाठचा रस्ता रुंद करायचा होता, आणि येत्या सोमवारी राखणदाराला उठवून वर सड्यावर, म्हणजे माळावर, बसवायचं ठरलं होतं. खाणीचा माणूस गेला आणि सगुण समाधानाने म्हणाले, "गेल्या फावट वळणावरसून तळीर हाडलो, तशेंच. घरच्यांची नावां घेवची, एकेकाच्या हातचां पान घेवन थांब्यातसून सोडवणूक करची. झाला."

रुद्रेशने ते आतून ऐकलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. आई, पद्मावती, चुलीवरचं भाताचं पातेलं उतरवत होती.

"आये, राखणदार पूर्वी वळणावर होतो?"

"होतो मरे. खाणीचो पयलो रस्तो झालो तेन्ना हलयलो."

"तेन्ना मी खंय होतंय?"

"माझ्या पोटात," आई हसून म्हणाली. "आठवो म्हयनो लागलेलो. मी पान धरून हुबी रवलंय, तुझ्या आबांनी माझां नाव घेतल्यानी, आपलां घेतल्यानी, सगळ्यांची घेतल्यानी."

"नि माझां?"

"तुझां नाव खंय होतां तेन्ना?" असं म्हणता म्हणता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं.

सगुणला समजावणं सोपं नव्हतं. मुलाचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे त्यातल्या त्यात बरं. बाळ पोटात असताना राखणदार उठवला तर बाळाच्या अंगावर तळीचा थांबो तसाच राहील, आणि तिथे "जा" म्हणायला कुणी नसेल. आणि तिथे असेल ट्रकांचा रस्ता. आपलं पोर भर रस्त्यात एक पाय उचलून उभं राहील आणि समोरून ट्रक येईल.

"मगे बाळाचां नाव घेया आताच," रुद्रेश म्हणाला.

"जन्मायच्या आदी नाव घेतत? खुळो झालंस?" सगुण कडाडले. "पोटातल्याक नाव दिला तर ता पोटातच रवता. असलां काय म्हज्या घरात करूचां नाय."

"तर दोन म्हयने थांबा. बाळंतपण होवंदे."

"देवाचो कौल घेतलेलो आसा. उजवो दिल्यान, हो म्हटल्यान. गावाक मी सबद दिलो. तुझो कॉम्प्युटर सांगता म्हणान देवाक थांब म्हणू?" त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे मुलाकडे नव्हते, वळणाकडे होते. ज्या पोराला आयुष्यभर हाका मारल्या ते आपल्याच चुकीने तसं झालं, हे बापाला कबूल कसं करवणार? त्यांनी ते केलं नाही.

रुद्रेशने पॅचखाली नाव लावलं नाही. नक्कल चालू असेल तर खूण काढणाऱ्याने थांबलं पाहिजे, असं त्याने लिहिलं. पलीकडच्या माणसाने जरा त्रासूनच विचारलं, किती वेळ थांबायचं? ती पुरी होईपर्यंत, रुद्रेशने उत्तर दिलं. ते पाठवून त्याने सुविधाला बोलावलं.

तळीवरून सड्यावर जायला वाट एकच, वळणावरून. थांब्यातल्या माणसाला ओलांडता येत नाही. उचललेला राखणदार वाटेत कुठेही टेकवता येत नाही, परत जागेवरच न्यावा लागतो. मुहूर्त हुकला की नवा कौल घ्यायचा, आणि तो पुढच्याच सोमवारी मिळू शकतो, म्हणून बाळ होईपर्यंत वळण अडलेलंच राहायला हवं.

सुविधा गणिताची मास्तरीण. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. "नि तू?" तिने विचारलं.

"माका काय? माझ्या हिशेबान एकच पाऊल. बाळ झाला की हाक मार."

"आणि बाळंतपणात मी एकटी?" ती चिडली. खूप चिडली, त्याच्या अंगावर उशी फेकली, तू नेहमीच सोपं काम आपल्याकडे घेतोस म्हणाली, आणि मग रडली. रडून झाल्यावर पोटावर हात ठेवून बसून राहिली. "आयेक सांगतंय मी," शेवटी ती म्हणाली. "तुका कोणी हाक मारूची नाय म्हणान."

सोमवारी सकाळी ढोल वाजू लागले. सगुणने राखणदाराला लाल कपड्यात गुंडाळून डोक्यावर घेतलं आणि गाव मागून निघाला. रुद्रेश आधीच पुढे गेला होता. वळण दोन पावलांवर आलं तेव्हा त्याने मागे पाहिलं. सुविधा रस्त्याच्या कडेला उभी होती, एक हात पोटावर, चेहरा रागाने आणि आसवांनी लाल. तिला हसवावं म्हणून तो म्हणाला, "झाल्याबरोबर पयलां..." आणि त्याने उजवा पाय उचलला.

"...माका दाखय," म्हणत त्याने तो टेकला.

पाय मऊ कशात तरी रुतला. ढोल बंद झाले होते. डोक्यावर सावली होती, माडाच्या झावळ्यांचा माटव घातलेला. मघाशी सुविधा जिथे होती तिथेच ती होती, पण पोट नव्हतं, अंगाने सुकली होती, आणि डोळ्यांवर चष्मा होता. चष्मा तिला कधी लागला? तिच्या शेजारी सगुण काठीवर वाकून उभे होते. मघाशी त्यांनी डोक्यावर धोंडा पेलला होता, आणि आता त्यांना स्वतःची मान पेलत नव्हती.

"दाखयली रे," सुविधा म्हणाली. "कितले फावट दाखयली."

रुद्रेशने हनुवटी चाचपली. दाढीचे खुंट सकाळी होते तेवढेच होते.

"हॉस्पिटलातसून थेट हंय हाडली तिका," सुविधा सांगू लागली. तिचा आवाज कोरडा होता. हे सांगण्याची तालीम तिने मनात पुष्कळदा केली असावी. "हाक मारली. हात धरून ओढलो. आयेन हाक मारली, आबांनी मारली, तू हललंस नाय. बारशाक तिचां नाव तुझ्या कानात सांगलां. दात इले तेन्ना सांगलां. चलूक लागली तेन्ना सांगलां. दोन पावस काडलंस तू हंय. आज तिणां तुका बघून 'बाबा' म्हटल्यान, आपणाहून, आणि तू पाय टेकलंस."

जन्मलं म्हणजे पुरं झालं, असं रुद्रेशने धरलं होतं. पोर पुरं व्हायला त्याने स्वतःच्या तोंडाने बापाला हाक मारावी लागते, हे त्याला सुचलं नव्हतं. त्याची चूक झाली होती, आणि ती दुरुस्त करायला आता जागा नव्हती. आपल्या लेकीचं तान्हेपण संपून गेलं आणि आपण इथेच होतो, तिच्या समोर, डोळे उघडे ठेवून.

"राखणदार?" त्याने विचारलं.

"तळीरच आसा," सगुण म्हणाले. "त्या दिसा तुझ्या आयेन कोणाक हाक मारूक दिली नाय, नि तुका ओलांडून कोण जातलो? खाणीवाल्यांनी पलीकडसून रस्तो काडलो."

म्हणजे पोर वाचलं होतं. जे करायला तो निघाला होता ते झालं होतं. त्याने खाली वाकून बघितलं. पावलांभोवती पानांचा ढीग होता, खालची कुजून माती झालेली, वरची ताजी. आंब्याची, फणसाची, करमलाची. ढिगाच्या कडेला तेलाची पणती.

"ही पानां कोणाची?"

सुविधाने चष्मा काढून पदराला पुसला.

"लोकांची," शेवटी सगुणने सांगितलं. "हंय येतत, थांबतत, पान ठेवतत. तू जा म्हणतंस, मगे जातत."

"मी? मी काय्येक म्हटलां नाय! मी तर आत्ता..."

"आयकू येता," सगुण म्हणाले. "आमका सगळ्यांक." त्यांनी काठी बगलेत धरली आणि मुलाला हात जोडले.

रुद्रेशने बापाचे जोडलेले हात धरून खाली केले. इथून निघायचं, पोरीला उचलायचं आणि घरी जायचं, एवढंच त्याला सुचलं. पोर त्याच्या समोरच होती. पिवळा फ्रॉक, हातात पान पुढे धरलेलं. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने हात पसरले. ती आली नाही. तिचा एक पाय उचललेला होता, तोंड अर्धं उघडं, डोळे समोर. गालावर माशी बसली तरी पापणी हलली नाही. रुद्रेशने स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं, लोकांकडून नुसतं ऐकलं होतं, पण ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्याला हिचं नाव माहीत नाही.

"सायली," सुविधा म्हणाली.

"सायली! सायले!" त्याने हाक मारली, खांदे धरले. खांदे कोवळे आणि गरम होते. काही झालं नाही. सगुण नाही, सुविधा नाही, कुणीच पुढे झालं नाही. ते सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि रोजचंच काही बघत असल्यासारखे शांत होते.

"तसां न्हय," सुविधा हळूच म्हणाली. "जा म्हण तिका."

"जा," रुद्रेश म्हणाला.

पोरीने पापणी मिटली, उघडली. पान त्याच्या पायांवर ठेवलं आणि धावत जाऊन आईच्या मांडीला बिलगली. तिथून ती त्याच्याकडे बघू लागली. तिच्या नजरेत ओळख होती, पण माणसाकडे बघताना असते तशी नव्हती.

बिनधन्याची खूण तिच्या अंगावर राहू नये म्हणून त्याने एवढं केलं होतं. ती राहिली नव्हती. हिला आता धनी होता. तो आहे तोवर हिला कुणीतरी जा म्हणेल. आणि तो गेल्यावर? त्याने सुविधाकडे पाहिलं. हा प्रश्न तिने स्वतःला केव्हाच विचारून पाहिला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

तो उठला, "चला घरा" म्हणाला आणि माटवातून बाहेर पडला. बाजारातून परतणारी वाड्यावरची वत्सला तेवढ्यात वळणावर आली. डोक्यावर भाजीची पाटी, हातात फणसाचं पान. ती थांबली. तिच्या मागून एक जोडपं आलं, ते तिला न ओलांडता तिच्या मागे उभं राहिलं. त्यांच्या मागे शाळेतून परतणारी दोघं-तिघं. रुद्रेश थोडं अंतर चालून गेला आणि वळून पाहू लागला. कुणीच हललं नाही. वत्सलाची पाटी एका बाजूला कलली होती आणि तिच्या मानेची शीर ताणली होती.

तो परत आला. पानांवर उभा राहिला आणि वत्सलाला म्हणाला, "जा." मग मागच्या बाईला, मग तिच्या नवऱ्याला, मग पोरांना. खाणीवरून उतरणारी माणसं वळणावर दिसू लागली होती. सुविधा पोरीला कडेवर घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि घराकडे निघाली.

मागून पद्मावती आली. तिने लेकाच्या गालावरून हात फिरवला, आणि पहिल्या दिवसापासून हेच चालत आल्यासारखं म्हणाली, "तुझी पेज मी हंयच हाडतंय."